स्नेहसंमेलनातला मोबाइल

डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम. सांगलीचं विश्रामबाग असो, साताऱ्याचा सदर बझार असो की पुण्याचं कोथरूड, या दिवसांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या सूचना साधारण सारख्याच असतात. नऊवारीचा रंग कोणता, गजरा मोगऱ्याचा की कागदी, मुलांना किती वाजता आणून सोडायचं, डबा द्यायचा की शाळेतच खाऊ आहे. अलीकडे या यादीच्या शेवटी आणखी एक ओळ दिसू लागली आहे: पालकांनी कार्यक्रमाचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नयेत. कुठे ती विनंती असते, कुठे ताकीद. ओळ आली की ग्रुप जरा वेळ गप्प होतो आणि मग कुणीतरी बोलतंच. मूल आमचं, मोबाइल आमचा, ड्रेसचं भाडं आम्ही भरलं, आणि फोटो मात्र शाळेच्या फोटोग्राफरकडून विकत घ्यायचे?

प्रश्न रास्त आहे. पण त्या एका ओळीत चार-पाच निरनिराळी कारणं गुंडाळलेली असतात. त्यांतली काही भक्कम, काही पोकळ, काही निव्वळ व्यवहाराची. शाळा ती सुटी करून सांगत नाहीत, पालकही खोदून विचारत नाहीत, आणि दोन्हीकडची मंडळी ‘कायदाच तसा आहे’ या समजुतीवर वाद घालत राहतात. कायदा तसा नाही. किंबहुना तो पालकाच्या मोबाइलबद्दल जितका सैल आहे, तितकाच शाळेच्या स्वतःच्या कॅमेऱ्याबद्दल कडक होत चालला आहे, आणि नेमकी हीच बाजू कुणी बोलून दाखवत नाही.

सगळ्यांत साधं कारण म्हणजे मागच्यांना दिसत नाही. सांगलीकरांना हे सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हापासून हे गाव नाट्यपंढरी म्हणून मिरवतं आणि दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. व्यावसायिक नाटकात पडदा उघडण्याआधी मोबाइल बंद ठेवण्याची, चित्रीकरण न करण्याची सूचना होते आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. तरीही वाजणारे मोबाइल थांबत नाहीत. २०१९ मध्ये अभिनेते सुबोध भावे यांनी वैतागून, हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच थांबवतो, असं जाहीरपणे लिहिलं होतं. गॅदरिंगला मात्र हाच सुजाण प्रेक्षक सगळी शिस्त घरी ठेवून येतो. पहिल्या रांगेतला बाप मोबाइल धरून उभा राहतो, म्हणून तिसऱ्या रांगेतली आई उभी राहते, आणि सातव्या रांगेत बसलेल्या आजीला नातवाऐवजी लोकांच्या पाठी पाहाव्या लागतात. पहिली-दुसरीची पोरं तर स्टेप विसरून ‘आई, मी इकडे’ म्हणून हात हलवायला लागतात. या कारणासाठी घातलेली मनाई ही नाट्यगृहातल्या सूचनेइतकीच सरळ आहे. तिच्यात खासगीपणाचा किंवा सुरक्षिततेचा काही संबंध नाही, आणि शाळेनं तसा आव आणायचीही गरज नाही.

मोबाइलमधून पाहिलेला कार्यक्रम लक्षात किती राहतो, हाही एक मजेशीर मुद्दा. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयातून फिरवून आणलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ज्या वस्तूंचे फोटो काढले होते त्याच कमी आठवत होत्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढणाऱ्यांची आठवण शाबूत होती. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयातली मूर्ती आणि स्टेजवरची आपली लेक यांत फरक आहे, हे मान्य. तरीही अख्खं स्टेज टिपत बसण्यापेक्षा आपल्याच पोरीवर झूम करणारी आई जास्त काही घरी घेऊन जात असावी, असं म्हणायला हरकत नाही.

विद्यार्थ्याचं कौतुक कॅमेऱ्यात पकडण्याची हौस मराठी माणसाला काही नवी नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले आणि डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचं चित्रीकरण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी केलं. भारतातल्या पहिल्या वृत्तचित्रांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्याकडच्या वृत्तचित्रांची सुरुवातच एका हुशार मुलाच्या सत्कारानं झाली म्हणायची! हे परांजपे पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनंच १९१९ मध्ये विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केलं. फरक इतकाच की परांजपे तेव्हा पंचविशीतले होते, आपण कशासाठी आणि कुणासमोर उभे आहोत हे त्यांना समजत होतं. दुसरीतल्या मुलाला ते समजत नाही. समजून घ्यायचं काम त्याच्या वतीनं मोठ्यांनी करायचं असतं, आणि सगळा पेच तिथे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शाळेच्या कार्यक्रमात पालकांनी फोटो काढू नयेत असा कोणताही कायदा भारतात नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अनेकदा यासाठी पुढे केला जातो. त्याच्या तिसऱ्या कलमातच स्पष्ट म्हटलं आहे की, एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. लेझीम खेळणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढून गावाकडच्या आजोबांना पाठवला, घरच्या टीव्हीवर लावला, तर तो घरगुती वापर. शेजारच्या दोन पोरी त्यात आल्या म्हणून काही बिघडत नाही.

मग शाळेला मनाई करता येते ती कोणत्या अधिकारानं? आवारात कुणाला, कोणत्या अटीवर प्रवेश द्यायचा हे ठरवण्याच्या साध्या अधिकारानं. शाळेचं सभागृह म्हणजे चव्हाटा नव्हे. मोबाइल बाहेर ठेवा अशी अट घालता येते, न पाळणाऱ्याला बाहेर जायला सांगता येतं. पालकाचा मोबाइल हिसकावून घेण्याचा किंवा उघडून त्यातले फोटो पुसण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही. आणि हीच मुलं २६ जानेवारीला प्रभातफेरीत रस्त्यावर आली किंवा मैदानावरच्या जाहीर संचलनात उतरली, की शाळेची अट तिथे संपते. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार असतात, रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक असतात, कुणीही फोटो काढतं.

खरी रेषा फोटो काढण्यावर नाही, तो पुढे कुठे जातो यावर आहे. युरोपातल्या न्यायालयानं ही रेषा फार पूर्वी आखली. स्वीडनमधल्या एका चर्चच्या स्वयंसेविकेनं आपल्या सहकाऱ्यांची माहिती हौसेनं स्वतःच्या वेबपानावर टाकली होती. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की, इंटरनेटवर अगणित लोकांना दिसेल अशी ठेवलेली माहिती घरगुती म्हणता येत नाही. आपल्या कायद्यात ‘घरगुती’ची हद्द कुठे संपते, हे भारतीय न्यायालयांना अजून ठरवायचं आहे. पण विचार करणाऱ्याला फरक कळायला न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही. आठ जणांच्या घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ आणि सगळ्या जगाला खुल्या असलेल्या प्रोफाइलवर टाकलेलं रील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात शेजारची पोरगी पाहुणी म्हणून येते, दुसऱ्यात तिला न विचारता जाहिरात होते.

ब्रिटननं या बाबतीत दोन्ही टोकं पाहिली. २००२ च्या नाताळात एडिंबरा शहराच्या परिषदेनं आपल्या शाळांतल्या नाताळच्या नाटकांत पालकांना चित्रीकरणाला मनाई केली, आणि देशभर गदारोळ झाला. पुढे तिथल्या शाळा विदा संरक्षण कायद्याचं नाव सांगून मनाई करू लागल्या, तेव्हा खुद्द माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला वारंवार खुलासा करावा लागला की, घरच्या अल्बमसाठी काढलेल्या फोटोंना कायद्याची आडकाठी नाही, थोडं तारतम्य वापरा. इटलीच्या खासगीपणा प्राधिकरणाचाही सल्ला तसाच आहे. शाळेच्या कार्यक्रमात पालकांनी स्वतःसाठी फोटो काढावेत, पण समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्यांची संमती घ्यावी. फ्रान्स आणखी पुढे गेला आहे. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानं तिथे मुलाच्या प्रतिमेचं रक्षण करणं ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरली. म्हणजे आपल्याच मुलाचे फोटो वाटेल तसे टाकण्याचा हक्क आईबापांनाही नाही. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना शाळा सुरू होतानाच येणारा संमतीचा अर्ज ओळखीचा आहे. मुलाचा फोटो शाळेच्या वार्षिकात चालेल का, संकेतस्थळावर चालेल का, अशी विचारणा त्यात असते.

आपल्याकडे असा अर्ज आला, तर बहुतेकांना तो नसता उपद्व्याप वाटेल. ‘एवढं काय त्यात?’ हा आपला ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर वर्गातल्या एखाद्याच मुलापाशी असतं, आणि ते मूल कोण हे बाकीच्यांना माहीत नसतं. आईवडिलांचा ताब्यावरून खटला चालू असतो, आई मुलाला घेऊन दुसऱ्या गावी आलेली असते आणि कुठे राहते हे तिला कुणाला कळू द्यायचं नसतं. गणवेशावरचं शाळेचं नाव दिसणारा एक फोटो तिचा पत्ता सांगायला पुरेसा असतो. कुणी मूल बालगृहात राहून शाळेत येत असतं. कुणी लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातली साक्षीदार असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र प्रसिद्ध करायला मनाई करतं, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम चौकशी, तपास आणि न्यायालयीन कामकाजाच्या बातम्यांसाठी आहे, गॅदरिंगच्या फोटोला ते थेट लागू होत नाही. पण कायद्यानं शाळेचं नाव आणि चित्र या दोन गोष्टी ओळखीच्या खुणा म्हणून मुद्दाम लिहिल्या आहेत, हे ध्यानात घेण्याजोगं आहे.

शाळेची पंचाईत अशी की, मुख्याध्यापिका हे कारण सांगू शकत नाहीत. सांगितलं तर पुढचा प्रश्न ‘कोण हो ते मूल?’ हाच असतो. म्हणून त्या सरसकट मनाईचा आधार घेतात आणि पालकांना ती हेकटपणाची वाटते.

दुसरं भक्कम कारण गेल्या दोन-तीन वर्षांतलं. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनमधल्या अल्मेन्द्रालेहो या गावात वीसहून अधिक शाळकरी मुलींचे नग्न फोटो फिरू लागले. ते खोटे होते. मुलींनी समाजमाध्यमांवर टाकलेले साधे, अंगभर कपड्यांतले फोटो घेऊन त्यांच्याच ओळखीच्या मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमधून ते तयार केले होते. पुढच्या वर्षी पंधरा अल्पवयीन मुलांना न्यायालयानं वर्षभर देखरेखीखाली ठेवलं. त्याच २०२३ मध्ये जर्मनीच्या दूरसंचार कंपनीनं, डॉइच टेलिकॉमनं, एक जाहिरात काढली. तिच्यात नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा संगणकानं मोठा करून तिला आईवडिलांशी बोलायला लावलं होतं: माझे फोटो तुम्ही टाकलेत, त्याचं पुढे काय होऊ शकतं ते बघा. भारतात पोक्सो कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं संगणकावर बनवलेल्या किंवा फेरफार केलेल्या अशा चित्रांनाही बालकांच्या अश्लील चित्रणाच्या व्याख्येत घेतलं आहे, त्यामुळे ‘खरा फोटो नव्हता’ ही पळवाट उरलेली नाही. असं काही घडलंच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा आणि १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे.

या भीतीलाही मर्यादा हवी. गॅदरिंगमधला लांबून काढलेला, मेकअपनं माखलेल्या वीस चेहऱ्यांचा अंधुक फोटो अशा उद्योगाला फारसा उपयोगी नाही. धोका असतो तो जवळून काढलेल्या, नाव लिहिलेल्या, सगळ्यांना खुल्या ठेवलेल्या फोटोत. त्यात आणखी एक बारीक गोष्ट. लोकेशन चालू असेल तर मोबाइल प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. पण ‘क्वालिटी जाते’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, किंवा अख्खं फोल्डर ड्राइव्हवर चढवून लिंक वाटली, तर ती तशीच राहते. वर्गाच्या ग्रुपवर फोटो डॉक्युमेंट करून पाठवा अशी मागणी दर गॅदरिंगला होते, आणि कुणीतरी उत्साही काका ती पुरीही करतात.

व्यवहाराच्या कारणाबद्दल मात्र शाळा गप्प असतात. फोटोग्राफरला काम देताना ‘बाकी कुणी शूटिंग करणार नाही’ असं ठरलेलं असतं, कारण त्याची कमाई पालकांनी घेतलेल्या प्रतींवर आणि पेनड्राइव्हवर असते. यात गैर काही नाही. फोटोग्राफर दिवसभर उभा असतो, दिवे लावतो, आणि त्याचे फोटो पालकांच्या हलत्या व्हिडिओपेक्षा चांगले असतात. गैर आहे ते या सौद्याला ‘मुलांची सुरक्षितता’ असं नाव देणं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. म्हणजे शाळेनं पैसे मोजले असतील तर मालकी शाळेची. फोटोग्राफरनं नमुना म्हणून ते आपल्या पेजवर टाकायचे की नाही, हे शाळेनं आधीच लिहून घ्यायला हवं, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी ढिलाई असते.

याच कायद्यात गॅदरिंगला उपयोगी पडणारी आणखी एक तरतूद आहे, ती नाचाच्या बाईंनी माहीत करून घ्यावी अशी. शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात सादर केलेली कला, आणि शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढ्याच प्रेक्षकांसमोर वाजवलेली ध्वनिफीत, यांना ५२ व्या कलमानं सूट दिली आहे. म्हणून सिनेमातल्या गाण्यावर चौथीची मुलं बिनघोर नाचू शकतात. तोच नाच यूट्यूबवर चढवला की प्रेक्षक मर्यादित उरत नाही आणि सूटही उरत नाही. हौसेनं चढवलेल्या अशा व्हिडिओचा आवाज बंद झाला, की पालक यूट्यूबला शिव्या देतात.

आता शाळेच्या स्वतःच्या कॅमेऱ्याकडे वळू. पालकांनी फोटो काढू नयेत असं बजावणाऱ्या कितीतरी शाळांच्या फेसबुक पेजवर त्याच संध्याकाळी दीडशे फोटो झळकतात, खाली मुलांची नावं आणि ‘प्रवेश सुरू’. शाळेचा हा वापर घरगुती नाही. २०२३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि तिची डिजिटल माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. ओळखू येणारा फोटो ही अशी माहितीच. बालकांसंबंधीची कर्तव्यं मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. कुठल्या शाळेला २०० कोटी भरावे लागणार नाहीत, हे उघड आहे, पण आकड्यावरून कायद्याचा रोख कळतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. भिंतीवर डकवलेला छापील फोटो या कायद्याच्या कक्षेत येत नाही, फेसबुकवरचा येतो. जुन्या काळचा बाकांवर बसून काढलेला वर्गाचा ग्रुप फोटो त्यामुळे अगदी सुरक्षित आहे!

सरकारही यात मागे नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं गळती रोखण्यासाठी एक योजना काढली. शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटांसोबत सेल्फी काढायचा आणि ‘सरल’ या शासकीय ऑनलाइन प्रणालीवर चढवायचा. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि निर्णय स्थगित ठेवावा लागला. त्यातला मुख्य राग कामाच्या बोज्याचा आणि नसलेल्या नेटवर्कचा होता. मुलांना किंवा त्यांच्या पालकांना विचारलं का, हा प्रश्न तेव्हा मागच्या बाकावरच राहिला. विशेष म्हणजे पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातल्या आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांचा मुद्दाम उल्लेख केला होता. मुलं इंटरनेटवर कायमच्या खुणा सोडत मोठी होत आहेत, त्यांच्या पोरवयातल्या गोष्टी जन्मभर त्यांच्या मागे लागू नयेत, असं त्यांचं म्हणणं. तरीही २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यातल्या विद्यार्थ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या पत्रासह पालकांसोबत सेल्फी काढून संकेतस्थळावर टाकावा, असा उपक्रम निघालाच. दिल्ली सरकारनं तर २०१९ मध्ये वर्गातल्या सीसीटीव्हीचं थेट चित्रण पालकांना मोबाइलवर दाखवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याबरोबर इतरांचीही मुलं दिसणार. त्याविरुद्ध पालकांचीच संघटना उच्च न्यायालयात गेली.

शाळेबाहेरचं चित्रही बघण्यासारखं आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकांत गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. फोटो, पूर्ण नाव, टक्के, क्लासचं नाव. यातली दहावीची सगळीच मुलं कायद्यानं बालक. ती पुढच्या वर्षी कुठे शिकणार हेही चौकाला कळतं. क्लासवाल्यांपुरता एक लगाम आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा त्याचं मनोगत जाहिरातीत वापरण्याआधी त्याची लेखी संमती हवी, आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळीच कोऱ्या अर्जावर सही घेऊन ठेवली तर चालत नाही.

याहून बोचणारा प्रकार म्हणजे वाटपाचे फोटो. वह्या, दप्तरं, स्वेटर, सायकली. देणारे पाच पाहुणे हसत मध्यभागी, घेणारं पोर एका कडेला, दुसऱ्या दिवशी पेपरात आणि पेजवर. हे मूल गरीब आहे, एवढीच माहिती त्या फोटोतून गावाला मिळते, आणि ते मोठं होईपर्यंत तो फोटो सापडत राहतो. गॅदरिंगमध्ये राजा झालेल्या मुलाच्या फोटोनं त्याचं काही नुकसान होत नाही. या फोटोनं होतं. मनाई घालायचीच असेल तर सुरुवात इथून व्हावी.

गॅदरिंगपुरता तोडगा अवघड नाही, काही शाळांनी तो काढलाही आहे. नाच चालू असताना सगळ्यांनी बसून बघायचं आणि प्रत्येक गटाचा नाच संपला की दोन मिनिटं मुलांना स्टेजवर तसंच उभं ठेवून त्या वर्गाच्या पालकांना पुढे येऊन फोटो काढू द्यायचे. ज्यांचे फोटो नकोत ती मुलं तेवढ्यात विंगेत जातात, कुणाचं लक्षही जात नाही. मुलाला वेगळी फीत किंवा स्टिकर लावणं मात्र वाईट, त्यानं ते आणखी उठून दिसतं. संपूर्ण कार्यक्रमाचं चित्रण शाळेनं करून फक्त पालकांना द्यावं, आणि शक्य असेल तर त्याचा खर्च फोटोग्राफरला आधीच देऊन टाकावा, म्हणजे मनाईमागे पैशाचा वास येणार नाही. पेजवर टाकायचेच तर गटाचे, लांबून काढलेले, नावं न लिहिता. आणि सूचनापत्रात कारण लिहावं. ‘मागच्यांना दिसत नाही म्हणून बसून बघा’ आणि ‘इतर मुलांचे फोटो जाहीर टाकू नका’ ही दोन वाक्यं पालकांना पटतात. ‘मोबाइलला सक्त मनाई’ पटत नाही, आणि पाळलीही जात नाही.

पालकांच्या बाजूनंही थोडं काम आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळांत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. गॅदरिंगच्या आदल्या रात्री ग्रुपवर भांडण्यापेक्षा जून-जुलैच्या पहिल्या बैठकीत हा विषय काढावा. शाळेच्या अल्बमसाठी, शाळेच्या आतल्या फलकासाठी आणि समाजमाध्यमांसाठी वेगवेगळी संमती मागावी, एका सहीत सगळं नको. दिलेली संमती पुढे मागे घेता येते, आणि ती देताना जितकी सोपी होती तितकीच मागे घेतानाही असायला हवी, असं २०२३ च्या विदा कायद्यातच आहे. त्यासाठीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्कही त्याच कायद्यानं दिला आहे. तेव्हा अर्ज मराठीत मागावा, वाचावा, आणि मगच सही करावी.